विकत घेतलेले घर, न मागितलेला शेजार

गेल्या वर्षीची गोष्ट. पावसाळा ओसरत आलेला होता. संध्याकाळची मिस्सा आटोपून मी कार्यालयात येऊन बसलो, तोच आमच्या धर्मग्रामातील एक निवृत्त शिक्षक सपत्नीक आत आले. सारे गाव त्यांना मास्तर म्हणते, म्हणून येथेही मी त्यांना मास्तरच म्हणेन. त्यांच्या हाती एक फुगलेली फाईल होती. खरेदीखत, सूची क्रमांक दोनचा उतारा, सोसायटीचे शेअर सर्टिफिकेट, मेंटेनन्सच्या पावत्या. पुण्याला घेतलेल्या फ्लॅटची सगळी कागदपत्रे त्यांनी माझ्या टेबलावर मांडली आणि म्हणाले, “फादर, ह्यात कुठे शेजाऱ्याचे नाव आहे का ते जरा बघा.”

मास्तरांची एकुलती लेक पुण्यात नोकरीला आहे. उतारवयात तिच्याजवळ असावे म्हणून त्यांनी वाडीतील केळीची तीन गुंठे जागा विकली, त्यात निवृत्तीचे पैसे घातले आणि विमाननगर भागात तिसऱ्या मजल्यावर एक फ्लॅट घेतला. दलालाने तो दाखवला मे महिन्यातल्या एका रविवारी, सकाळी अकरा वाजता. मजल्यावर चिटपाखरू नव्हते. बाईंना ती शांतता फार आवडली. जुलैमध्ये महाविद्यालये सुरू झाली आणि शेजारच्या दारापुढे सहा जोडी बूट दिसू लागले. मग रात्री एक वाजता घरपोच जेवण आणणाऱ्याची घंटा, दोन वाजता हशा, भिंतीला टेकवलेल्या स्पीकरचा धमधमाट, आणि पहाटे कोणीतरी मोटारसायकल चालू करून पाच मिनिटे तशीच घुरघुरत ठेवणार. बाईंना रक्तदाबाचा विकार आहे. त्या त्या संध्याकाळी माझ्यासमोर बसून काही बोलल्या नाहीत. पण त्यांच्या डोळ्यांखालची वर्तुळे पुरेसे बोलत होती.

(घर घेऊ इच्छिणाऱ्यांना एक व्यवहारातला सल्ला येथेच देऊन टाकतो. घर रविवारी सकाळी पाहू नये. शनिवारी रात्री अकरा वाजता जाऊन जिन्यात दहा मिनिटे उभे राहावे.)

मास्तरांचा प्रश्न मात्र गोंगाटाविषयी नव्हता. सोसायटीच्या सर्वसाधारण सभेपुढे एक ठराव येणार होता : ह्यापुढे कोणत्याही सभासदाने आपला फ्लॅट विद्यार्थ्यांना अगर अविवाहितांना भाड्याने देऊ नये. सेक्रेटरी घरोघर पाठिंब्याच्या सह्या गोळा करीत होते. मास्तर सर्वांत अधिक पोळलेले, म्हणून त्यांची सही पहिली हवी होती. “सही करू का, फादर?” त्यांनी विचारले आणि लगेच खाली पाहून पुढे म्हणाले, “लग्न झाले तेव्हा मुंबईत आम्ही भाड्याची खोली शोधत होतो. एके ठिकाणी सगळे ठरले होते. मी माझे नाव सांगितले, आणि घरमालकाला आठवले की खोली त्याच्या भाच्याला द्यायची आहे. दार बंद झाल्याचा आवाज मी ऐकलेला आहे.”

मी त्यांना काय सांगितले? जे सांगणे मला सर्वांत सोपे होते ते. “मास्तर, मुले आहेत. थोडे सहन करा.” त्यांनी मान हलवली, कागद गोळा केले, आणि दोघे निघून गेली. रात्री जेवताना माझ्या ध्यानात आले की तो सल्ला देताना माझा एक पैसाही खर्च झाला नव्हता. मी ज्या घरात राहतो त्याच्या एका बाजूस चर्च आहे, दुसऱ्या बाजूस शाळेचे मैदान आणि मागे दफनभूमी. माझे शेजारी फारच शांत आहेत. दुसऱ्याच्या झोपेच्या जिवावर सहनशीलतेचा उपदेश करणे ही आम्हा धर्मगुरूंची जुनी सवय आहे, आणि तिला सद्गुण म्हणता येत नाही.

म्हणून तो प्रश्न मी पुन्हा हाती घेतला. माणूस घर विकत घेतो तेव्हा तो नेमके काय विकत घेतो? कागद स्पष्ट आहेत : इतके चौरस फूट चटई क्षेत्र, सामाईक जिन्यावरचा हक्क, सोसायटीचे सभासदत्व. शेजारी त्यांत नाही. तथापि किंमत देताना मास्तरांनी मनोमन शांततेचीही किंमत मोजली होती, आणि आयुष्यभराची पुंजी घालणाऱ्या माणसाची ही अपेक्षा अवास्तव म्हणता येणार नाही. रात्रीची झोप ही चैनीची वस्तू नव्हे. केंद्र सरकारच्या २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा ही वेळ रात्र म्हणून वेगळी काढली आहे, आणि निवासी भागात त्या वेळची मर्यादा ४५ डेसिबल ठेवली आहे. तेव्हा मास्तरांची तक्रार न्याय्य होती. ‘सहन करा’ हे तिचे उत्तर नव्हते. शेजाऱ्याला दुसऱ्याची झोप हिरावून घेऊ देणे ही त्या शेजाऱ्यावरची प्रीतीदेखील नव्हे. त्यामुळे तो मुलगा अधिक चांगला माणूस होत नाही.

परंतु ठराव गोंगाटाविरुद्ध नव्हता. तो विद्यार्थ्यांविरुद्ध होता. येथे मला दोन गोष्टी अगदी वेगळ्या दिसतात.

ठरावाच्या बाजूने बोलणारे लोक दुष्ट नव्हते, हे आधी मान्य केले पाहिजे. त्यांचे म्हणणे असे : दरवर्षी नवी मुले येतात. त्यांना कचरा कुठे टाकायचा, गाडी कुठे लावायची, पंपाची वेळ कोणती, हे सारे पहिल्यापासून शिकवावे लागते. मे महिना येईतो ती थोडी वळणावर येतात आणि निघून जातात. जूनमध्ये पुन्हा श्रीगणेशा. जे कायमचे राहतात त्यांना गेल्या पाच वर्षांची भांडणे आठवतात. जे येतात त्यांना काहीच आठवत नाही. ह्यात वर्षानुवर्षांचा शीण आहे आणि तो खरा आहे. शिवाय, नियम हे नेहमी वर्गासाठीच असतात, एकेका माणसाची पारख करून कोणी नियम करीत नाही, असेही ते म्हणतील. तेही खरे.

तरीही फरक उरतो. रात्री दहानंतर आवाज नको, फ्लॅटमध्ये ठरल्यापेक्षा अधिक माणसे नकोत, एका घराला गाडीची एकच जागा, मोडल्यास घरमालकाला जाब विचारला जाईल. असे नियम कितीही कडक असले तरी एखादा मुलगा ते पाळून तेथे राहू शकतो. ‘विद्यार्थी नको’ हा नियम पाळण्यासाठी त्या मुलाच्या हाती करण्याजोगे काहीच नाही. तो कितीही गुणी असला, नऊ वाजता दिवा मालवणारा असला, तरी त्याचे असणे हाच त्याचा अपराध ठरतो. जो अजून आलेला नाही, ज्याने अजून काही केलेले नाही, त्याला आधीच्या सहा जणांबद्दल शिक्षा देणे ह्यास आपल्या नीतिशास्त्रात अविचारी न्यायनिवाडा म्हणतात, आणि ते पाप मानलेले आहे.

अशा ठरावाचा कायद्यापुढे किती निभाव लागतो, हा वेगळा प्रश्न आहे. कायदा अनेकदा परवानगी देतो तेथेही सदसद्विवेकाचे काम संपत नाही. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात असा निर्णय दिला, की एखादी सहकारी संस्था आपले सभासदत्व स्वतःच्या समाजापुरते मर्यादित ठेवू शकते. कायद्याच्या दृष्टीने प्रश्न मिटला. पण वांद्र्यात आणि अन्यत्र आपल्या कॅथलिक समाजाच्याही अशा संस्था शंभर वर्षांपासून आहेत, तेव्हा ‘आम्हाला घर नाकारतात’ अशी तक्रार करताना आपण आपल्याही फाटकाकडे एकदा वळून पाहावे.

ह्या संदर्भात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या आयुष्यातील १९१७चा प्रसंग मला नेहमी अस्वस्थ करतो. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ ह्या आपल्या आठवणींत त्यांनी तो नोंदवला आहे. परदेशातील शिक्षण घेऊन ते बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले, तेव्हा त्यांना राहावयास घर मिळेना. नाव बदलून ते एका पारशी सरायीत राहिले, आणि अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. हा भाग अनेकांस ठाऊक असतो. पुढचा भाग आपण ख्रिस्ती लोकांनी विशेष ध्यानात ठेवावा असा आहे. त्या दिवशी ते दोन मित्रांकडे गेले : एक हिंदू, एक ख्रिस्ती. ख्रिस्ती मित्राने सांगितले की पत्नी उद्या यावयाची आहे, तिला विचारून सांगतो. त्या उत्तराचा खरा अर्थ आंबेडकरांस पुढे कळला. गाडी रात्रीची होती. तोवर ते कामाठी बागेत बसून राहिले. सहा गोंगाटी मुलांचा प्रश्न आणि अस्पृश्यतेचे दुःख ह्यांची बरोबरी मी करीत नाही, तशी करणे हा त्या दुःखाचा अपमान होईल. मात्र सभ्य नकाराची भाषा तेव्हा होती तशीच आजही आहे : भाचा यावयाचा आहे, पत्नीला विचारावयाचे आहे, सोसायटीचा नियम आहे.

पुण्याविषयी बोलावयाचे तर बाहेरगावचा विद्यार्थी हा त्या शहराला नवा नाही. फर्ग्युसन महाविद्यालय १८८५ साली निघाले, विद्यापीठ १९४९ साली. त्याच्याही आधीपासून गरीब विद्यार्थी तेथे माधुकरी मागून किंवा वार लावून जेवत असत. सोमवारी ह्या घरी, मंगळवारी त्या घरी. ती दारे सर्व जातींच्या मुलांसाठी उघडी नव्हती, हे विसरता कामा नये. पण जी उघडी होती ती घरे त्या मुलाला निदान नावाने ओळखत होती. आठवड्यातून एकदा तो त्यांच्या स्वयंपाकघराच्या दारात बसत असे. आज तोच मुलगा भिंतीपलीकडे अकरा महिने राहतो आणि त्याचे नाव कोणाला ठाऊक नसते.

अकरा महिन्यांचीही एक गंमत आहे. १९०८च्या नोंदणी कायद्यात एक वर्षाहून अधिक मुदतीचे भाडेपट्टे सक्तीने नोंदवावे लागत, ते टाळण्यासाठी अकरा महिन्यांची युक्ती रूढ झाली. पुढे १९९९च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने लीव्ह अँड लायसन्सचा प्रत्येक करार लेखी करून नोंदवणे बंधनकारक केले, आणि ती जबाबदारी घरमालकावर टाकली. युक्तीचे कारण बरेचसे संपले, सवय उरली. तो घरमालक ह्या साऱ्या भांडणात कुठे असतो? बहुधा परगावी, पुष्कळदा परदेशी. सहा मुले मिळून जे भाडे देतात ते एका कुटुंबाला परवडत नाही, म्हणून त्याने मुले ठेवलेली असतात. सोसायटी त्याच्याकडून बिनभोगवटा शुल्क घेते; तेही सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून अधिक घेता येत नाही, असा शासनाचा २००१ सालचा आदेश आहे. भिंतीच्या अलीकडचे पलीकडच्यांवर चिडतात, पलीकडचे अलीकडच्यांना खडूस म्हणतात, आणि ज्याच्या खात्यात भाडे जमा होते तो शांत झोपतो. संत थॉमस अक्वायनस ह्यांनी खाजगी मालमत्ता न्याय्य मानली, पण तिचा उपयोग मात्र सर्वांचे हित पाहून करावा, असे बंधन मालकावर घातले. मास्तरांच्या सोसायटीत हे बंधन कोणी त्या मालकाला आठवून दिलेले नव्हते. त्याला फोन करण्यापेक्षा मुलांवर ठराव करणे सोपे होते.

आता थोडे शब्दांविषयी. आमच्या सेमिनरीत ग्रीक शिकवणारे एक वृद्ध प्राध्यापक होते. त्यांच्यामुळे मला हे सुचते. आपण ‘पॅरिश’साठी ‘धर्मग्राम’ हा सुंदर मराठी शब्द रूढ केला. त्यात गाव आले, गावाबरोबर मुळे आली, सातबारा आला, पूर्वजांची थडगी आली. पण मूळ ग्रीक शब्द ‘पारोइकिया’ ह्याच्या अगदी उलट आहे. ‘पारोइकोस’ म्हणजे घराच्या शेजारी राहणारा. प्रथम त्याचा अर्थ नुसता शेजारी असा होता. पुढे जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात तोच शब्द उपऱ्यासाठी, हक्क नसताना दुसऱ्यांच्या गावात राहणाऱ्या परक्यासाठी योजला गेला. आरंभीच्या ख्रिस्ती मंडळ्यांनी स्वतःला हे नाव घेतले. म्हणजे धर्मग्राम हा मुळात जमीनदारांचा गाव नव्हे. ती भाडेकरूंची वस्ती आहे. शेजारी आणि उपरा एकाच शब्दात राहत होते, त्यांना आपण पुढे वेगवेगळ्या मजल्यांवर ठेवले.

पवित्र शास्त्रातील जमीन खरेदीचा पहिला सविस्तर व्यवहार उत्पत्तीच्या २३व्या अध्यायात आहे. सारा मरण पावली आहे आणि अब्राहामाला तिच्या दफनासाठी जागा हवी आहे. हेथी लोकांपुढे तो उभा राहतो तो आपण उपरा आहोत हे सांगूनच. ग्रीक भाषांतरात तेथे हाच ‘पारोइकोस’ शब्द आहे. एफ्रोन मकपेलाच्या शेताची आणि गुहेची किंमत ४०० शेकेल रुपे सांगतो. अब्राहाम घासाघीस न करता सर्वांसमक्ष तोलून देतो. खरेदी पक्की झाली, साक्षीदार झाले, सीमेवरची झाडेही व्यवहारात धरली गेली. पण त्यानंतर अब्राहाम हेथी लोकांकडे मालकाच्या तोऱ्याने पाहू लागला, असे कुठे लिहिलेले नाही. ज्या वचन दिलेल्या देशात त्याने विकत घेतलेली जमीन एवढीच, आणि तीही थडग्यासाठी, त्या देशात तो अखेरपर्यंत तंबूतच राहिला.

हे सारे मी लिहितो आहे, पण मला ते मुलांच्या बाजूने सुचण्याचे खरे कारण वेगळे आहे. दीक्षेनंतर काही वर्षांनी मी वरच्या अभ्यासासाठी वर्षभर पुण्यात होतो. सेमिनरीत जागा नव्हती, म्हणून आम्ही चार तरुण धर्मगुरू एका जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर भाड्याने राहत होतो. एकाकडे हार्मोनियम होती, एकाकडे गिटार. रात्रीचे जेवण झाले की आम्ही भक्तिगीतांच्या चाली बसवीत असू, अकरा वाजेपर्यंत, कधी त्याहून उशिरापर्यंत. देवाचीच गाणी, त्यामुळे ती कोणाला त्रास देत असतील हे मनात येण्याचे कारण नव्हते. खालच्या मजल्यावरचे आजोबा जिन्यात भेटले की नमस्कार करीत. एके दिवशी दूधवाल्याने सांगितले, “खालच्या आजी गेल्या.” कधी? परवा. काय झाले होते? तीन महिने अंथरुणाला खिळून होत्या, रात्री वेदनांनी झोप लागत नसे. आम्ही आठ महिने त्यांच्या डोक्यावर राहत होतो. आजारी माणसांना भेटणे हे आमचे कामच होते. त्यासाठी आम्ही सायकलवरून तीन-तीन मैल जात असू.

आजोबांनी एकदाही वर येऊन सांगितले नव्हते. त्यांनी सहन केले. ते आले असते तर आम्ही गाणे तत्काळ थांबवले असते, एवढेच नव्हे, तर खाली गेलो असतो. त्यांच्या सहनशीलतेमुळे आम्हाला ती संधी मिळाली नाही. ‘थोडे सहन करा’ असे मास्तरांना सांगताना ही आठवण माझ्यापासून कशी लपून राहिली, ह्याचे मला आजही आश्चर्य वाटते.

दुसऱ्या दिवशी मी मास्तरांच्या घरी गेलो आणि माझा सल्ला परत घेतला. दारावरची घंटा वाजवा, म्हणालो. पण रात्री एक वाजता रागाने नव्हे, संध्याकाळी सात वाजता. मराठीत शेजारधर्म असा शब्द आहे. त्या धर्मात बहुधा पहिले पाऊल वयाने मोठ्याने टाकावयाचे असते, कारण घर त्याचे आहे, वेळ त्याच्यापाशी आहे, आणि धाकट्याला आपण काय चुकतो आहोत हेच ठाऊक नसते.

मास्तर गेले. हातात काही नेले नाही. नेले असते तर ती लाच झाली असती, असे त्यांचे म्हणणे. आत गेल्यावर त्यांच्या लक्षात आले की दोन्ही फ्लॅट आरशातल्या प्रतिबिंबासारखे आहेत. ज्या भिंतीला मुलांनी स्पीकर टेकवला होता, तिच्याच पलीकडे बाईंच्या खाटेची उशी होती. मुलांना वाटत होते तिकडे स्वयंपाकघर असावे. एक नांदेडचा, दोघे बिहारचे, एक केरळचा, दोघे सख्खे भाऊ जळगावचे. स्पीकर त्याच संध्याकाळी दुसऱ्या भिंतीला गेला. नांदेडच्या मुलाने बाईंना रक्तदाबाच्या गोळ्या आणून देण्याचे आपणहून अंगावर घेतले. मोटारसायकल मात्र तशीच घुरघुरते, आणि एका शनिवारी मध्यरात्री कोणाच्या तरी वाढदिवसाला गच्चीवर जो दंगा झाला, त्यासाठी मास्तरांना घरमालकाला दुबईला फोन करून चांगले खडसावावे लागले. तेही त्यांनी केले. बाई अजूनही शनिवारी नीट झोपत नाहीत.

सही त्यांनी केली नाही. सभेत ते उभे राहिले आणि विद्यार्थ्यांऐवजी वेळ, माणसांची संख्या व मालकाची जबाबदारी ह्यांविषयी नियम करावा, अशी त्यांनी दुरुस्ती सुचवली. ठराव मूळ स्वरूपात संमत झाला. विरुद्ध अकरा मते पडली. तेव्हापासून तिसऱ्या मजल्यावरची दोन कुटुंबे मास्तरांशी लिफ्टमध्ये बोलत नाहीत, आणि आपल्या बाजूने कोणी बोलले होते हे मुलांना ठाऊक नाही. त्यांचा करार मे महिन्यात संपणार होता.

एप्रिलमध्ये मास्तरांनी मला फोन केला. आपल्या धर्मग्रामातील किती तरी लोकांनी पुण्यात गुंतवणूक म्हणून फ्लॅट घेऊन ठेवले आहेत, त्यांतील कोणी ह्या सहा मुलांना घर देईल का, विचारून पाहाल का, असे ते म्हणाले. पुढच्या रविवारी मिस्सेनंतर मी तशी सूचना केली. दोघांनी बाहेर येऊन चौकशी केली. दोघांचाही पहिला प्रश्न एकच होता : “मुले कुठली, फादर?”